नवघरमधलं बेल्जियम

नाही, पण मला एक सांगा, बेल्जियममध्ये असलेल्या माणसाने भाईंदरच्या नवघरमध्ये केस कुठे कापायचे? सांगा ना. आमच्या बिल्डिंगला चिकटून सलून आहे, लहानपणापासून तिथेच डोकं दिलंय, आणि तो सलूनवाला परवा आईला विचारतो, "आंटी, समाधानभाई का उधर बाल कौन काटता है?" आई न अडखळता सांगते, "उधर मशीन है भैया, बटन दबाया की हो गया." ते मशीन म्हणजे आईची साडीला फॉल लावायची कात्री! ब्लाऊजचा गळा कापतात तसे कापलेत माझे केस, मागून गोल, पुढून सरळ... आणि मी आरशात बघून साधं ओरडूही शकत नाही, कारण आवाज बाहेर जाईल, आणि तो जाऊन चालणार नाही, कारण मी इथे नाहीच.

जरा पुढे सरकून बसा, मला मोठ्याने बोलता येत नाही. हां, असं.

तर तुम्हाला सांगतो, मी भाईंदरच्याच कॉलेजचा बी.कॉम., मग मालाडला एका ऑफिसात लोकांचे म्युच्युअल फंडाचे फॉर्म तपासत बसलेलो, बसून बसून एक दिवस डोक्यात आलं की आपण मास्टर्स करू या. इंटरनॅशनल मास्टर्स इन फायनान्स! पहिलं सेमिस्टर बेल्जियमला, दुसरं दुसऱ्याच देशात, मग इंटर्नशिप, मग थीसिस. वेबसाइटवर हिरवळीवर पोरं बसलेली, सगळ्या रंगांची, सगळी हसतायत, आणि मी म्हटलं, फायनान्स शिकून कोण हसतं? पण ती हसत होती. मला तेच पाहिजे होतं बहुतेक.

आता त्यांच्या अटी बघा. डिग्री पाहिजे, आहे. इंग्रजीची परीक्षा पाहिजे, दिली. शिफारसपत्रं पाहिजेत, तर साहेबाकडे गेलो, साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "तूच लिहून आण, मी सही ठोकतो." स्वतःची स्तुती, ती पण साहेबाच्या आवाजात! मी लिहिलं, मुलगा कष्टाळू आणि हुशार आहे. साहेबाने वाचलं आणि म्हणाला, "एवढं नको रे. हुशार काढ." मग व्हिडिओवर इंटरव्ह्यू, आणि त्यात विचारतात काय, तर वेगवेगळ्या संस्कृतींच्या लोकांबरोबर राहायचा अनुभव आहे का? अहो, मी भाईंदरचा माणूस! खाली गुजराती, वर मारवाडी, बाजूला मल्याळी, समोर रत्नागिरीच्या मंदाकाकू, आम्ही स्वतः परभणीचे, आणि पाणी आलं नाही की सगळ्यांशी सगळ्या भाषांत भांडलोय. हे सांगितल्यावर ती मंडळी इतकी खूश झाली की मला घेतलंच त्यांनी.

म्हणजे घेतलं, पण अटीवर. पोरगा चांगला आहे, म्हणाले, पण याचं गणित आणि संख्याशास्त्र कच्चं आहे, तेव्हा आधी आमचा तयारीचा वर्ग ऑनलाइन करा, त्याची परीक्षा पास व्हा, मग सीट पक्की. नापास झालात तर फेब्रुवारीच्या बॅचसाठी एकदा परत बसा. त्यातही गेलात तर रामराम. सगळं स्वच्छ सांगितलेलं. मीही आईला स्वच्छ सांगितलं, "आई, अट आहे." आई म्हणाली, "असू दे रे बाबा, अट कुठं नसते?" आणि तिने लगेच नानासाहेबांना फोन लावला.

नानासाहेब म्हणजे माझे मामा. महापालिकेतून रिटायर झालेले, आमच्या विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, आणि घरात भाजी कशी झाली हे सांगायचं असलं तरी 'उपस्थित बंधू आणि भगिनींनो'च्या पट्टीत सांगणार. त्यांना म्हटलं, मामा, अजून पक्कं नाही, परीक्षा बाकी आहे. तर म्हणतात, "समाधान, बॅनरवर अटी छापतात का?"

छापत नाहीत. तिसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर! 'उच्च शिक्षणासाठी बेल्जियम, युरोप येथे रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझा फोटो इंग्रजी परीक्षेच्या हॉल तिकिटावरचा, त्यात मी चोरी करताना सापडल्यासारखा दिसतोय, आणि शेजारी नानासाहेबांचा फोटो माझ्या दुप्पट, रवाना तेच होतायत असं वाटावं! खाली तारीखसुद्धा छापली. मग विहारात सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, आणि उभा राहिलेला प्रत्येक माणूस बाबासाहेब शिकायला परदेशी गेले तिथून सुरू करून माझ्यापर्यंत येऊन थांबायचा. बाबासाहेबांपासून थेट माझ्यावर! मध्ये कुणीच नाही! मी खुर्चीत आत आत चाललेलो. पण खोटं नाही सांगत, आपल्या विहारातलं बाहेर शिकायला जाणारं पहिलं पोरगं, असं कुणीतरी म्हणालं आणि समोर बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला, तेव्हा मलाही भरून आलं. पप्पा गेल्यापासून तिला एवढं खूश मी बघितलंच नव्हतं. मग कसं उठून सांगायचं, की बंधू आणि भगिनींनो, माझं संख्याशास्त्र कच्चं आहे?

नाही सांगितलं. मग रोज सत्कार. शाळेत सत्कार, मंडळात सत्कार, एका पतपेढीने केला, तिथे आमचं खातंसुद्धा नाही! शालींचा ढीग आला घरात, आणि संख्याशास्त्राचं पुस्तक त्या ढिगाखाली. परीक्षा आली, दिली, नापास. दुसरं काय होणार होतं?

नानासाहेबांना सांगायला गेलो. ते शांतपणे म्हणाले, "शक्य नाही. बॅनर लागलाय."

आणि मग त्यांनी तोडगा काढला. "तू ठरल्या तारखेला जायचंस." मी म्हटलं, कुठे? "बेल्जियमला." मी म्हटलं, मामा, सीट नाही. "ते तुला आणि मला माहीत. लोकांसाठी तू गेलास. आत बसून अभ्यास कर, फेब्रुवारीत पास हो, आणि खरा जा. समाजापुढे आपला शब्द गेलेला आहे." शब्द यांचा गेलेला, आणि जायचं कुणी, तर मी!

गेलो ना. सगळी बिल्डिंग खाली उतरली, विहारातली मंडळी आली, हार घातले, मंदाकाकूंनी दह्याची वाटी पुढे केली, मोठ्या बॅगा गाडीत ठेवल्या, त्यात आईने जुन्या साड्यांचे गठ्ठे भरलेले, आणि आई जी रडायला लागली! गाडीत बसल्यावर मी विचारलं, "अगं, आपण मुर्ध्याला चाललोय, रडतेस कशाला?" नाक पुसत म्हणते, "सगळेच रडायलेत म्हणल्यावर मला कसं थांबवता येतंय?"

मुर्ध्याला, म्हणजे इथेच भाईंदर पश्चिमेला, नानासाहेबांचे ओळखीचे आत्मारामदादा आहेत, खाडीवर मासेमारी करणारे, देवमाणूस, त्यांनी ठेवून घेतलं. रोज ताजे बोंबील. पण खाडीला इंटरनेट येईना, मास्तरीण पडद्यावर तोंड उघडून थिजलेली आणि माझा सगळा क्लास त्या उघड्या तोंडाकडे बघण्यात गेलेला. आत्मारामदादा मागून बघून म्हणाले, "बाय कवापासून आ करून बसलीय, तिला काय व्हतंय काय?" तेव्हा ठरलं, घरीच परत जायचं. आता आपल्याच घरात शिरायचं कसं? भर दुपारी, हेल्मेट घालून, पाठीवर ती पार्सलवाल्यांची चौकोनी बॅग, बेल वाजवली, "मॅडम, पार्सल!" आईने दार उघडलं, "आत आणून ठेवा." मी आत. दार बंद. आम्हाला वाटलं, काय डोकं लढवलंय.

तेव्हापासून मी आतल्या खोलीत. आणि बाहेरच्या खोलीत आईचं फॉल-बिडिंग आणि शिवणकाम, म्हणजे दिवसभर बायकांची ये-जा, आणि मध्ये एक पातळ दार. खोकला आला की उशीत तोंड. शिंक आली की अंगावर काटा. आई भाजी एकाच माणसाची आणते, दूध एकाचंच घेते, आणि जेवतो दोघं. विजयादशमीला सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेले, जिन्यात केवढी गडबड, पोरांचा दंगा, मी दाराला कान लावून बसलेलो. आईने येताना डब्यात खीर आणली. मी ती एकट्याने खाल्ली, आणि तुम्हाला सांगतो, खीर एकट्याने खायची गोष्टच नाही. पण कुणाला बोलावणार? मी इथे नाहीच.

आणि ऐका, खरी गंमत पुढे आहे. बाहेर मंदाकाकू रोज विचारायच्या, "वैजयंता, काय म्हणतो गो समाधान?" आणि आई सांगायची! पहिल्या दिवशी नुसतं "बरा आहे". मग थंडी आली. मग बर्फ पडला. मग तिने गोष्टीतच मला एक स्वेटर घेऊन दिला, निळा. मग शेजारच्या खोलीत राहणारा कुणी एक पीटर आला, तो माझ्याकडे ठेचा मागून खातो आणि पाणी पाणी करतो. मग रविवारी आम्ही चौघं मित्र सायकलीवरून कुठेतरी तळ्याकाठी जायला लागलो. मी आत बसून ऐकतोय. "तिकडं एकटं म्हणून राहू देत नाहीत बघा त्याला," आई सांगतेय, "सारखं कुणी ना कुणी दार वाजवतंयच." इकडे आत मी, दार वाजलं की पलंगाखाली! हसू नका. म्हणजे हसा, पण एक सांगतो, मला त्या समाधानचा हेवा वाटायला लागला. तो हसत असणार हिरवळीवर बसून. मला त्या पीटरला भेटावंसं वाटायचं. एकदा संध्याकाळी मी आईला हळूच विचारलं, "पीटरचं काय झालं मग? त्याचा ताप उतरला का?" आई म्हणाली, "उतरला," आणि पुन्हा फॉल लावायला बसली.

अभ्यास? अभ्यास केला हो, दुसरं करणार काय? तयारीचा वर्ग करता करता पुढचा सगळा अभ्यासक्रमही वाचून काढला, कंटाळ्याने. कॉर्पोरेट फायनान्स, म्हणजे कंपनीने पैसा आणायचा कुठून आणि घालायचा कुठे. इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकड्यांना पिळून खरं बोलायला लावायचं. डेरिव्हेटिव्ह तर मला एका झटक्यात कळलं, ज्याला स्वतःची अशी किंमत नसते, दुसऱ्या कशाची तरी किंमत वर गेली की याचीही वर जाते, ती खाली आली की हा आपटतो, म्हणजे मी, आणि ते दुसरं काहीतरी म्हणजे बेल्जियम. शेवटी एथिक्स, खरेपणाने कसं वागावं. तो धडा मी पलंगाखाली वाचला, कारण बाहेर कुणी मापाला आलेलं.

त्यात पुन्हा त्यांचा गटाने अभ्यास! माझ्या गटात घानाचा एक क्वामे आणि व्हिएतनामची एक लिन. ते दोघं मोकळ्या आवाजात बोलायचे आणि मी असा, घशातल्या घशात. लिनला वाटलं, मी लायब्ररीत आहे. क्वामेला वाटलं, हॉस्पिटलमध्ये. त्याने एक दिवस फुलांचं चित्र पाठवलं, लवकर बरा हो म्हणून. मी नाही म्हणालो नाही. पाच महिन्यांत मला कसा आहेस म्हणून विचारणारा तेवढा एकच होता, त्याला खरं सांगून कशाला घालवू?

मग आली परीक्षा. लेखी झाली, बरी गेली. आणि शेवटी तोंडी! पडद्यावर. सकाळी आईने बाहेरच्या दाराला कुलूप लावून बाहेर उभं राहायचं, असं ठरलेलं, पण नेमकी कुणाची तरी हळद, तिला ब्लाऊज आत्ताच्या आत्ता पाहिजे, आई हुक आणायला खाली पळाली, आणि जाताना, ती बाई आली तर थांबवायला म्हणून, मंदाकाकूंना घरात बसवून गेली! इकडे पडद्यावर प्रोफेसर बाई, पांढरे केस, चष्मा, विचारतात, जोखीम वाटून टाकल्याने कमी कशी होते, साध्या माणसाला कळेल असं सांगा. मला येत होतं! मी सांगायला लागलो, घशातल्या घशात. बाई म्हणाल्या, ऐकू येत नाही. मी थोडा आवाज वाढवला. त्या म्हणाल्या, अजूनही नाही, मिस्टर समाधान, मला जे ऐकू येत नाही त्याला मी मार्क देऊ शकत नाही.

आणि दारापलीकडे मंदाकाकूंच्या बांगड्या वाजतायत.

काय करू? गप्प बसलो तर सीट जाते, कायमची, आणि आईचा तो पदर तोंडाला लावलेला चेहरा फुकट जातो. बोललो तर सगळं नवघर उठतं आणि आई खोटी पडते. मी उशीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि... बोललो. मोठ्याने! पाच महिन्यांनी माझाच आवाज मी ऐकला, मला ओळखूच येईना तो. म्हटलं, मॅडम, माझी आई शिवणकाम करते. लग्नसराईत साड्यांचं काम येतं, ते संपलं की शाळा उघडतात आणि युनिफॉर्म येतात. दोन्ही एकाच वेळी पडत नाहीत, म्हणून आम्ही उपाशी राहत नाही. नुसत्या साड्यांवर राहिलो असतो तर पप्पा गेल्यावर बुडालोच असतो. एवढं बोललो आणि पुढचं गणित धडाधड सांगितलं, वर्गमुळासकट. बाईंनी मान हलवली, थँक्यू म्हणाल्या, पडदा काळा झाला.

आता काय लपायचं? मी दार उघडलं. मंदाकाकू मोड्यावर बसल्यात, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा सोलतायत. वर बघून म्हणतात, "झाली परीक्षा? बरी गेली ना?"

मी सवयीने पलंगाकडे वळलो.

"अरे, सगळ्यांना म्हायतीय," त्या म्हणाल्या. "पार्सलवाला आत गेला तो बाहेर आलाच नाय. आमी काय आंधळे हाव? दुपारचं मिक्सर लावत नाय आमी कोण, पोरगा अभ्यास करतो म्हणून. वरच्या मारवाडणीने कांडप बंद ठेवलान."

मी म्हटलं, "काकू, एवढं माहीत होतं तर एकदा तरी हाक मारायची होती. मी पाच महिने..."

त्यांनी शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "हाक कशी मारू? तू नव्हतास ना."

मग म्हणाल्या, "वैजयंताला सांगू नको हां, मला म्हायतीय म्हणून. येवढं मनापासून सांगते ती. आणि नानासाहेबांना तर अजिबात नको, विहारात मान हाय त्यांचा." जिन्यात आईची चप्पल वाजली. मंदाकाकूंनी हाताने मला खूण केली, आत जा, आणि मी, गाढव, गेलो आत! आई धापा टाकत आली, आणि काकू अगदी शांतपणे, "काय गो, काय म्हणतो समाधान? थंडी हाय काय अजून?"

आई म्हणाली, "आज जरा ऊन पडलंय म्हणाला."

तर तुम्हाला सांगतो, पास झालो. सीट तेव्हाच पक्की झाली. काल व्हिसाही आला, आता सगळं पक्कं. आई देवघरासमोर... म्हणजे आमच्याकडे बुद्धमूर्ती आहे, तिच्यासमोर बसली आणि आवाज न करता रडली, सवय झालीय आम्हाला आता आवाज न करायची. नानासाहेबांना सांगितलं, तर ते उभे राहून म्हणाले, "मला खात्री होती. आता गुपचूप जा. तू तिथेच आहेस, हे लक्षात ठेव."

मी आईला म्हटलं, "एअरपोर्टला तू तरी चल." ती म्हणाली, "मी कशी येऊ? मंदा विचारंल, कुठं निघालीस, कुणाला सोडायला? तू तर तिकडंच हायेस." आता माझ्या जिभेच्या टोकावर होतं हो, की आई, मंदाकाकूंना माहीत आहे, अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे, चल बिनधास्त. पण सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी विमानात बसून जाणार, आणि ती इथे, याच जिन्यात, याच बायकांमध्ये, ज्या पाच महिने तिची प्रत्येक गोष्ट खोटी आहे हे जाणून ऐकत होत्या. तिला वर मान करून चालता आलं असतं का? म्हणून गप्प बसलो. गप्प बसण्यात तर मी आता मास्टर्स झालोय.

मंगळवारी दुपारी निघतोय. बॅगेत या खेपेला खरे कपडे आहेत. मागच्या वेळी मुर्ध्याला चाललो होतो तर जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आता सातासमुद्रापार चाललोय तर पार्सलवाला बनून उतरायचंय, नाक्यापुढे एक रिक्षावाला सांगून ठेवलाय, तोही म्हणतो, फ्लायओव्हरपर्यंतच येतो, पुढचं तुम्ही बघा.

म्हणून विचारतो, राग मानू नका... तुम्ही मंगळवारी दुपारी काय करताय? नाही, एअरपोर्टला तुम्ही आलात तर चालेल. तुम्हाला मंदाकाकू ओळखत नाहीत. रडायची काही गरज नाही, नुसतं काचेबाहेर उभं राहून हात हलवलात तरी पुरे.